पाणी कुठून आलं, कुठे अडलं

जुनी मॅटाडोर किंवा तसलीच एखादी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर करायचं खूळ ज्यांच्या डोक्यात शिरलंय, ते गाडी बघायला गेले की आधी इंजिन ऐकतात. धूर कसा आहे, गिअर अडकतो का, स्टिअरिंगला खेळ किती. हे बघावंच, पण जुनी व्हॅन इंजिनानं मरत नाही. इंजिन उतरवून बांधता येतं, नाहीतर दुसरं बसवता येतं. गाडी भंगारात जाते ती पत्र्यामुळे. आणि पत्र्याला नुसतं वय झालं म्हणून तो कुजत नाही. कुठूनतरी आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, तिथे तो कुजतो. म्हणून वेल्डिंगचं मशिन हातात घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. पाणी आलं कुठून, आणि अडलं कुठे? ती न शोधता नवा पत्रा लावलात, तर काही पावसाळ्यांनी तोच पत्रा पुन्हा कापायची वेळ येईल.

जगभरात कॅम्पर व्हॅन म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती फोक्सवॅगनची. तिची दुसरी पिढी, टी-टू, जर्मनीत १९६७ ते १९७९ या काळात बनली आणि ब्राझीलमध्ये तर २०१३च्या अखेरीपर्यंत बनत राहिली. एवढ्या गाड्या, एवढे वेडे मालक, त्यामुळे युरोपातल्या हौशी माणसाला सिल, चाकावरची कमान, बॅटरीचा ट्रे, दाराचा खालचा पट्टा असा एकेक भाग नवाकोरा विकत मिळतो. आपली गोष्ट वेगळी. बजाज टेम्पो १९५८ साली टेम्पो या जर्मन कंपनीच्या सहकार्यानं सुरू झाली. पुढे तिची मॅटाडोर इतकी रुळली की महाराष्ट्रात कुठल्याही कंपनीच्या व्हॅनला लोक मॅटाडोरच म्हणू लागले. २००५ साली कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. पण या गाडीचे पत्र्याचे भाग दुकानात आयते मिळतील या भरवशावर काम काढू नका. ते बनवून घ्यायचे आहेत असंच धरून चाला.

त्यात घाबरण्यासारखं फार नाही. व्हॅनचा बराचसा पत्रा सरळसोट असतो. दाराखालची बंद पेटी, म्हणजे सिल, हा शेवटी घड्या घातलेला एक लांब पट्टाच. पुठ्ठ्याचा फर्मा नीट कापून भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या बेंडिंग मशिन असलेल्या वर्कशॉपमध्ये नेला की घडी घालून मिळते. अवघड असतात ते दोन्ही दिशांना गोलाई असलेले भाग: पुढच्या काचेखालचे कोपरे, छताची वळणं, गाडीचं नाक. तिथे हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) चालवणारा जुना, मुरलेला डेंटरच लागतो. असा माणूस तुमच्या गावात असेल तर आधी त्याच्याशी ओळख करून घ्या, गाडी नंतर घ्या.

शोध

गाडी बघायला शक्यतो पावसाळ्यात जा. विकणारे उन्हाळ्यात, नवा रंग मारून दाखवतात. पावसात गाडी स्वतःच बोलते. पाऊस नसेल तर पाण्याचा पाइप मागा. एकजण आत टॉर्च घेऊन बसेल आणि दुसरा बाहेरून पाणी सोडेल. आधी खालून, मग हळूहळू वर. थेट छतावर पाणी ओतलं तर सगळीकडूनच ठिबकतं आणि कुठून आलं ते कळत नाही. छताच्या कडेची पन्हाळी, खिडक्यांचं रबर, छतावर कॅरिअरसाठी पाडलेली भोकं, मागच्या दिव्यांच्या गॅसकिटा, वायरी आत येतात तिथली बुचं, ही नेहमीची प्रवेशद्वारं. पाणी आत आल्यावर आतल्या पत्र्यावरून पुष्कळ लांब ओघळतं. ड्रायव्हरच्या पायाखाली ओलं असेल तर दोष बहुधा पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात असतो, मजल्यात नाही.

मग रबरी मॅट उचला. सगळी उचला, अर्धीच उचलू देणाऱ्या मालकाकडे संशयानं बघायला हरकत नाही. मॅटखाली ओल असेल तर मजला खालून आणि वरून दोन्हीकडून खाल्लेला असतो. हातात एक छोटं लोहचुंबक ठेवा, टोकाला कापड गुंडाळून. पत्र्यावर ते धरतं, जाड लांबीवर, म्हणजे पुट्टीवर, धरत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा वाजवत चला: चांगला पत्रा खणखणतो, लांबी भरलेला किंवा कुजलेला भाग मुका वाजतो. मालकाची परवानगी असेल तर खालून दाभण दाबून बघा. रंगाला फोड आले असतील तर आतला प्रकार फोडाच्या कितीतरी पट मोठा असतो, कारण अशा ठिकाणी गंज बहुधा आतल्या बाजूनं सुरू होऊन बाहेर पोचलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवलेत तिथली सांध फुगून उचलली जाते. फुगलेली सांध दिसली की ती उघडावीच लागणार.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. दारांचे तळ, कारण पाणी निघायची भोकं चिखलानं बुजतात. चाकामागचे मडगार्ड. सरकत्या दाराचा खालचा रूळ. पायरीचा खड्डा. बॅटरीचा ट्रे, जिथे ॲसिडनं आपलं वेगळंच काम केलेलं असतं. मागचे खालचे कोपरे. सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो भाग. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाकीचा गंज पैसे खातो, हा माणूस खातो.

कोकणातली किंवा मुंबईच्या किनाऱ्याजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर वेगळा डोळा ठेवा. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि त्या खारट ओलीत गंज फार वेगानं चढतो. मासळी वाहणारी व्हॅन तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नये असं माझं मत. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं मजल्याच्या प्रत्येक सांधीत मुरलेलं असतं. देशावरची कोरड्या मुलखातली गाडी, रंग उडालेली, दिसायला भिकार, पण ठणठणीत पत्र्याची, ही खरी लॉटरी.

आता कॅम्परचं खास दुखणं. साध्या व्हॅनमध्ये पाणी बाहेरून येतं, कॅम्परमध्ये ते आतही तयार होतं. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. महाबळेश्वरच्या थंडीत खिडक्या लावून चहा उकळा, रात्री दोन माणसं आत झोपा, सकाळी छताच्या पत्र्यावर आतून थेंब दिसतील. तेच थेंब लाकडी पॅनेलिंगमागून उतरत सिलमध्ये जातात. जुन्या कॅम्परमध्ये सिंक, पाण्याची टाकी आणि गादीखालची पेटी उचलून बघितल्याशिवाय भाव करू नका. आधीच्या हौशी मालकानं छतात व्हेंट किंवा बाजूला खिडकी कापली असेल तर त्या कापाची कड नखानं चाचपून बघा. कापलेली कड बहुतेक जण रंगवत नाहीत.

कागद आणि चासी नंबर

हे थोडक्यात, पण आधीच. चासी नंबर ज्या पत्र्यावर किंवा बीमवर ठोकलेला आहे, तो भाग कापायचा नाही, त्यावर वेल्ड चढवायचा नाही, ग्राइंडर फिरवायचा नाही. तिथे गंज चढून आकडे पुसट झाले असतील तर कामाला हात लावण्याआधी फोटो काढा आणि आरटीओत जाऊन काय करायचं ते विचारा. नंतर सांगितलेली गोष्ट कोणी ऐकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. कुजलेला पत्रा काढून तसाच नवा बसवणं ही दुरुस्ती झाली. छत उंच करणं, मालवाहू गाडीला खिडक्या-बिछाने लावणं हा बदल झाला आणि त्याला आधी परवानगी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्या तपासणीला गाडी उभी राहणार आहे हे लक्षात ठेवून काम करा. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद मिळू शकते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसले पाहिजेत. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. फिरायला जायचंय की प्रदर्शनात उभी करायची, हे म्हणून आधीच ठरवा.

कापण्याआधी

गाडी पूर्ण रिकामी करा. गाद्या, फोम, लाकूड, पडदे, गॅसचं सिलिंडर, सगळं. प्रत्येक गोष्ट काढताना फोटो काढा, स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठी लावा. इंधनाची टाकी उतरवून शेडबाहेर ठेवा. डिझेलची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. टाकीलाच भोक असेल तर ती घरी वेल्ड करायचा विचारसुद्धा करू नका. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, अल्टरनेटरचीही जोडणी काढा. वेल्डिंगच्या जागेमागून ब्रेकचा पाइप किंवा वायरींचा जुडगा जातोय का ते हात घालून बघा.

गाडी खाली शिरायच्या उंचीवर घ्यायची तर लोखंडी घोड्यांवर, सपाट काँक्रीटवर. विटांवर नाही, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. आणि घोड्या कुठे लावायच्या हे डोकं चालवून ठरवा. खालचे बीम वेगळ्या चासीचे आहेत की मजल्याच्या पत्र्यालाच जोडून केलेल्या पेट्या आहेत, ते आडवं होऊन बघा. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत सिल हा शोभेचा पट्टा नसून गाडीचा कणा असतो. तो कापला आणि गाडी नीट टेकलेली नसली तर ती मधोमध बसते. मग नवा सिल बसकी गाडी कायमची बसकी ठेवून जोडला जातो, आणि दार लागत नाही हे शेवटी कळतं.

त्यासाठी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका असे २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे आधार वेल्डच्या टाक्यांनी जोडून घ्या. कर्णांची मापं घ्या, ती भिंतीवर लिहा. दारं काढू नका. दार बसवूनच सिल जुळवायचा, फट सगळीकडे सारखी आहे का ते बघत. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचाही एकच थर. बाहेरचा सिल, आतला सिल आणि मजल्याची कड एकदम कापून टाकली की नवा पत्रा कशाला जुळवायचा याची खूणच उरत नाही. उत्साहात माणूस हे हमखास करतो.

पत्रा आणि जोड

कुठवर कापायचं? जुना रंग आणि अंडरकोटिंग खरवडून, तारेचा ब्रश मारून, पत्रा चकचकीत आणि मूळ जाडीचा दिसू लागेल तिथवर, आणि त्याच्याही पुढे बोटभर. खड्डे पडलेल्या, कागदासारख्या पातळ पत्र्यावर वेल्ड धरत नाही. भोक पडतं, ते बुजवायला गेलात की शेजारी दुसरं पडतं. अशी भोकांची माळ लागली तर मशिनला दोष देऊ नका, अजून कापा. कुजक्या भागावर वरून पत्र्याचं ठिगळ चढवणं हा आपल्याकडे सगळ्यात लाडका उपाय. दोन पत्र्यांमधल्या सापटीत ओल अडकते, तिथे रंग पोचत नाही, आणि ठिगळ आतून खाल्लं जातं. गॅरेजात काम देणार असाल तर स्वच्छ शब्दांत सांगा: वरून जोड नको, कापून काढा, आणि लांबी लावण्याआधी मला उघडा वेल्ड दाखवा. ही एक अट घातली की कामाची प्रत बदलते.

पत्रा सीआर घ्या, म्हणजे थंड लाटलेला, गुळगुळीत. बाहेरच्या अंगाला २० गेज, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. सिल, मजला आणि कमानींना १८ गेज, १.२ मिलिमीटर. बीम आणि आउटरिगरला (बीमपासून सिलपर्यंत जाणारे आडवे हात) मूळ जाडी मोजूनच. १६ किंवा १४ गेज निघेल. ‘जाड घातला की मजबूत’ हा हिशोब इथे चालत नाही. जाड आणि पातळ पत्र्याच्या जोडात पातळ पत्रा आधी वितळतो, आणि पुढे गाडी हादरे खाते तेव्हा तडा जोडाच्या कडेलाच जातो. जस्ताचा मुलामा असलेला जीपी पत्रा वापरायचा मोह होतो, कारण तो लवकर गंजत नाही. पण वेल्डिंगमध्ये जस्त जळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडीताप भरतो. वापरायचाच तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा.

तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो. आधी पुठ्ठ्याचा फर्मा, मग पत्रा, मग कानस मारून जुळवणी. दिसणाऱ्या भागावर जोड टोकाला टोक असा घ्यावा, मध्ये पत्र्याच्या जाडीइतकी, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास फट ठेवून. जुळवणीला जेवढा वेळ द्याल तेवढं वेल्डिंग सोपं होतं. तीन मिलिमीटरची फट तारेनं भरून काढणं ही शिक्षा आहे. जिथे कारखान्यात स्पॉट मारून दोन पत्रे जोडले होते, तिथे वरच्या पत्र्याला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डनं भरा. मूळचे जेवढे स्पॉट होते तेवढी भोकं, मूळच्याच अंतरावर. पत्रे एकमेकांवर बसवण्याआधी मधल्या बाजूंना वेल्ड-थ्रू प्रायमर मारा, कारण नंतर तिथे ब्रश जाणार नाही.

मशिन कोणतं? साध्या कांडीच्या वेल्डिंगनं २० गेजवर भोकंच पडतात. ते गेट आणि ग्रिलसाठी ठीक. गॅस वेल्डिंगनं जुने डेंटर आजही सुरेख काम करतात. त्याचा जोड मऊ असतो, हातोडीनं सपाट करता येतो. पण गॅसची उष्णता पसरते, आणि नवख्याच्या हातात सपाट पत्रा पापडासारखा कडा उचलून वाकडा होतो. नवख्यानं गॅरेजातलं ‘सीओटू’ घ्यावं, म्हणजे मिग. तार ०.८ मिलिमीटरची चालते, पातळ पत्र्याला ०.६ मिळाली तर उत्तम. निव्वळ कार्बन डायऑक्साइडपेक्षा आर्गॉन मिसळलेला गॅस पातळ पत्र्यावर शांत चालतो, ठिणग्या कमी उडतात, पण महाग पडतो. बिनगॅसची फ्लक्स तारेची मशिनं स्वस्त मिळतात. उघड्यावर, वाऱ्यात त्यांचा उपयोग आहे. बाहेरच्या पातळ पत्र्यासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

गाडीला हात लावण्याआधी त्याच पत्र्याचे दोन तुकडे जोडून बघा. उलटवून मागची बाजू पाहा: जोडाची रेघ मागेही थोडी उमटली पाहिजे. मग तुकडा व्हाइसमध्ये पकडून जोडावर वाकवा. जोड सुटला तर करंट कमी आहे. वरून देखणा, आतून न धरलेला वेल्ड ग्राइंडर फिरवल्यावर नाहीसाच होतो. हा सराव गाडीखाली उताणं पडून, डोक्यावर वेल्ड करतही करा. टेबलावर जमणारा हात तिथे जमेलच असं नाही, आणि मजल्याचं निम्मं काम तिथेच आहे.

अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळ, घासलेल्या पत्र्यावर लावा. आता टाके. चारी कोपऱ्यांत एकेक, मग मध्ये, मग उरलेल्यांच्या मध्ये, असं करत इंच-सव्वा इंचावर आणा. प्रत्येक टाक्यानंतर पत्रा सपाट आहे ना ते बोटानं बघा. पुढे टाक्यांमधली जागा भरतानाही सलग रेघ ओढायची नाही. इथे एक, तिथे एक, मग थांबा. शेजारच्या पत्र्यावर हात ठेवता येत नसेल तर तो अजून तापलेला आहे. चहा घ्या. तापलेल्या जोडावर ओलं फडकं मारून घाई करू नका. मागून तांब्याची किंवा पितळेची जाड पट्टी दाबून धरली तर उष्णता ती ओढून घेते आणि भोक पडायची शक्यता कमी होते. तांब्याला वेल्ड चिकटत नाही.

ठिणगी उडते तिथे दिसत नाही, पलीकडे जाऊन पडते. वेल्डिंग चालू असताना दुसरा माणूस गाडीच्या आत किंवा पलीकडे पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन उभा पाहिजे. जुनं डांबरी अंडरकोटिंग, पेटीत उरलेलं मेण, विसरलेला फोमचा तुकडा, यातलं काहीही धुमसत राहू शकतं. काम संपल्यावर तासभर तरी शेड सोडून जाऊ नका. ग्राइंडरचा गार्ड काढायचा नाही, वेल्डिंगच्या मुखवट्याखालीही गॉगल ठेवायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो घासताना साध्या रुमालावर भागवू नका, एन-९५ मास्क लावा. पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरून लगेच वेल्ड केला तर विषारी वायू तयार होतो; थिनर किंवा ॲसिटोननं पुसा आणि पूर्ण सुकू द्या. ओल्या जमिनीवर उभं राहून वेल्डिंग नको, हे पावसाळ्यात वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

वेल्डनंतर

दसरा-दिवाळीनंतर काम काढून मेपर्यंत पत्रा झाकला गेला पाहिजे, असा हिशोब ठेवा. पावसाळी हवेत घासून उघडा केलेला पत्रा रातोरात पिवळा पडतो. घामट बोटांचे ठसेसुद्धा उमटतात. म्हणून जेवढं एका दिवसात वेल्ड करून, घासून, प्रायमरनं झाकता येईल तेवढंच उघडा. जोड घासताना ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क हलक्या हातानं फिरवा. वेल्डचा उंचवटा काढायचा आहे, शेजारचा पत्रा पातळ करायचा नाही. पत्रा निळा पडू लागला की थांबा.

पत्र्यावर पहिला थर एपॉक्सी प्रायमरचा. रेड ऑक्साइड स्वस्त आणि सवयीचं आहे, पण त्याच्यातून ओल झिरपते. नुसतं रेड ऑक्साइड मारून गाडी पावसाळाभर उभी केली तर आत गंज सुरू झालेला असतो. जिथे कापणं शक्यच नाही अशा खड्ड्यांत रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे. तो गंजाचं रसायन बदलतो, गेलेला पत्रा परत आणत नाही. लांबी एपॉक्सीवर, पातळ, जास्तीत जास्त दोन-तीन मिलिमीटर. त्याहून जास्त लागत असेल तर हातोडीचं काम बाकी आहे. लांबी पाणी शोषते, त्यामुळे घासलेली लांबी रंगाविना उघडी ठेवू नका. आणि भोकात जाळी कोंबून वर लांबी थापणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत घेऊन या, ॲडव्हान्स बुडाला तरी.

प्रत्येक सांधीवर बॉडी सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि सीलंटखालीच पत्रा गंजतो. मजल्याच्या खालून लावायचं रबरी कोटिंग फक्त स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर. गंजावर चढवलं तर गंज दिसेनासा होतो, थांबत नाही.

मग येते ती गोष्ट जी बहुतेक लोक टाळतात, कारण ती कोणाला दिसत नाही. सिल, बीम, दारं, खांब यांच्या पोकळ्यांमध्ये मेण. वेल्डनं पेटीच्या आतला रंग जळलेला असतो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. लांब नळी आणि चारी बाजूंना फवारणारं नोझल असलेलं कॅव्हिटी वॅक्स मिळतं. बाहेरचा रंग पूर्ण झाल्यावर, उन्हाच्या दिवशी, गाडी तापलेली असताना मारा, म्हणजे ते सांधीत मुरतं. मेण खालच्या भोकांतून गळू लागलं की पेटी भरली. दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक भोकात तार घालून ते मोकळं करा. नवा सिल बनवताना मूळ सिलला होती तेवढी भोकं त्याच जागी पाडली आहेत ना, हे वेल्ड करण्याआधीच तपासायचं असतं. पाणी येऊ नये म्हणून भोकं बुजवणारे कारागीर भेटतात. त्यांना प्रेमानं आवरा.

आतलं फर्निचर परत बसवताना छताच्या आणि बाजूच्या पत्र्याला काचेची लोकर भरू नका. ती ओल धरून ठेवते. बंद पेशींचा फोम पत्र्याला घट्ट चिकटवा, पत्र्यामागे हवेची सापट ठेवू नका, आणि खांबांची तळाची भोकं मोकळी सोडा. सिंकखालच्या मजल्यावर उचलता येईल अशी फळी ठेवा, स्क्रूनं कायमची ठोकलेली नको. छतावरचं व्हेंट रात्री बोटभर उघडं राहील असं असावं; स्वयंपाक शक्यतो दार उघडं ठेवून, नाहीतर बाहेर.

दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करायची आपली पद्धत इथे कामाला येते, कारण पावसाळा नुकताच संपलेला असतो. हार घालायच्या आधी मॅटा उचलून उन्हात टाका, दारांच्या आणि सिलच्या भोकांत तार फिरवा, पुढच्या काचेचं रबर कोपऱ्यात उचलून बघा, चाकांच्या कमानीमागचा चिखल हातानं काढा. प्रेशरचं पाणी रबरावर आणि सांधींवर जवळून मारू देऊ नका, धुणारा पोरगा कितीही उत्साही असला तरी. सिलच्या भोकात घातलेली तार तांबडी होऊन बाहेर आली तर त्याच आठवड्यात तिथे मेणाचा दुसरा हात द्या. कोरडी आली तर पुढच्या दसऱ्यापर्यंत सिलकडे बघायची गरज नाही.